जिन्यावरचा भाग

अध्यक्षांनी दुसऱ्यांदा घंटी वाजवली, तरी धाकटा माइक सोडेना. उलट त्याने घंटीवरच तळवा ठेवला आणि दोनच मिनिटं मागून घेतली. एक भाग सांगतो आणि बसतो, म्हणाला.

समोरच्या टेबलाशी बसलेली त्याची बहीण हाताची घडी घालून वाट पाहत राहिली. सगळं मंडळ तिला ताई म्हणे, तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. वर्तमानपत्रात लांबलचक बातम्या कापून जागेत बसवण्यात तिची हयात गेली होती. त्यामुळे आपला भाऊ दोन मिनिटं म्हणाला की दहा धरायची, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर जमलेली ही माणसं एकाच मालिकेची चाहती होती. एक अवकाशयान, त्यावरची पाच-सहा माणसं, आणि वर्षानुवर्षं न संपणारा प्रवास. जुन्या पर्वांत बावीस-बावीस भाग असत, नव्यांत जेमतेम आठ. यातलं चांगलं कुठलं, हे भांडण मंडळाइतकंच जुनं होतं आणि त्यावरून दोघा-तिघांचं बोलणंही बंद झालं होतं. आज मात्र सोक्षमोक्ष लागायचा होता. नव्या पोरांसाठी रविवारी मालिका दाखवायची, ती अख्खी की ताईने वर्षभर खपून छाटलेली, हे हात वर करून ठरणार होतं.

ताईचं भाषण आधीच झालं होतं, अर्थातच वेळेच्या आत. थोडक्यात गोडी असते, ती म्हणाली होती. बावीस भागांतल्या दहांत यान जागचं हलत नाही, नुसतं नमनाला घडाभर तेल. ते गाळलं तर गोष्टीचं काही बिघडत नाही. टाळ्या बऱ्या पडल्या होत्या. घरात लहानपणापासून धाकट्याचंच खरं होत आलं होतं. आज एकदा तरी आपलं व्हावं, असं तिला फार वाटत होतं.

धाकटा फिजिओथेरपिस्ट होता. त्याचं म्हणणं, पेशंटचं बोट हलतं तो दिवस सगळ्यांना हवा असतो, पण त्याआधीचे न हललेले दिवस कापून तो येत नाही.

पहिल्या रांगेत दोघांची आई बसली होती. तिने ही मालिका जन्मात पाहिली नव्हती. डबड्यात बसून फिरणारी माणसं, एवढंच ती तिच्याबद्दल बोले. आज ती आली होती ती पोरं भांडताना आवाज चढवतात का, ते बघायला.

धाकटा सांगू लागला. यानाची वैमानिक अचानक आजारी पडते. तिला आतल्या खोलीत नेतात आणि दार लावून घेतात. कुणी आत जायचं नाही, असा हुकूम. यानाचा मेकॅनिक बाहेर लोखंडी जिन्यावर बसून राहतो. रात्रभर काहीही घडत नाही. वरच्या मजल्यावर एक नळ टिपटिपत असतो. शेवटी हाताला काहीतरी काम हवं म्हणून तो उठतो आणि नळ दुरुस्त करतो. पहाटे दार उघडतं, डॉक्टर सांगतात, चहा मागतेय, साखर कमी. तो आत जात नाही. इंजिन सुरू करायची वेळ झालेली असते, म्हणून खाली निघून जातो.

"संपला भाग," धाकटा म्हणाला. "ना शत्रू, ना स्फोट. पण मी सहा वर्षांचा होतो तेव्हापासून तो माझ्या डोक्यातून गेलेला नाही."

मागच्या रांगेतला केमिस्ट लगेच उभा राहिला. असा भाग नाहीच, त्याचं म्हणणं. फोनवर शोधाशोध झाली, कुजबुज वाढली. धाकट्याचे कान लाल झाले. आहेच, तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. शेवटी अध्यक्ष ताईकडे वळले. तिला सगळे भाग पाठ होते. ती सांगेल ते प्रमाण.

ताईला उत्तर केव्हाच ठाऊक झालं होतं. तिला आठवत होती ती वेगळीच गोष्ट. मालिका तेव्हा मुलं झोपल्यावर लागायची. पाणीपुरवठ्यात फिटर असलेले बाबा ती पाहायचे आणि सकाळी तिची वेणी घालता घालता दोघांना सांगायचे. एरवी त्यांच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे दगडातून पाणी काढण्यासारखं. हा भाग त्यांनी सांगितला ती सकाळही तिला लख्ख आठवली. आदल्या रात्री शेजारच्या काकू सोबतीला झोपायला आल्या होत्या. आई मामाकडे गेली आहे, असं मुलांना सांगितलं होतं.

आई हॉस्पिटलात होती. ऑपरेशन झालं, शुद्धीवर आली तेव्हा जवळ फक्त नर्स. बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुषांना सोडत नसत, हे खरं. पण घरी परतल्यावर पोरांनीच तिला हौसेने सांगितलं, की त्या रात्रीचा भाग बाबांनी आम्हाला सांगितला. तेवढं तिला पुरलं. मी तिकडे मरत होते आणि ह्यांना टीव्ही सुटला नाही, असं ती पुढे चारचौघांत हसत म्हणायची. ते हसणं खरं नाही, हे घरात सगळ्यांना कळायचं. बाबांनी कधी उत्तर दिलं नाही, आणि आता द्यायला ते राहिले नव्हते.

ताई उठली. तिने अध्यक्षांकडे पाहिलं नाही, आईकडे पाहिलं.

"असा भाग कधी लागलाच नाही," ती म्हणाली. "त्या रात्री बाबांनी टीव्ही पाहिलाच नव्हता."

केमिस्टने टाळी वाजवली. धाकटा खाली बसला आणि बहिणीकडे दुखावल्यासारखा पाहत राहिला.

आईने चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुसतच राहिली.

"रात्रभर डोकं उठवलं होतं त्या नळानं," ती कुणालाच उद्देशून नाही अशी बोलली. "पहाटे थांबला. मला वाटलं, पाणी गेलं."

धाकट्याने मान वळवून आईकडे पाहिलं, मग ताईकडे. ताईने फक्त होकारार्थी मान हलवली.

बाकीच्यांना यातलं काही कळलं नाही. वेळ झाली होती, अध्यक्षांनी मतं घेतली. छाटलेल्या मालिकेच्या बाजूने हात वर झाले, ते मोजले गेले. मग अख्खीच्या बाजूने. दोन्हीकडचे सारखेच भरले आणि हॉलमध्ये हशा पिकला.

आईने शेजारच्या बाईला कोपराने ढोसलं.

"काहीच घडत नाही ते भाग ठेवायचे असतील, तर हात आत्ताच वर करायचा ना?"

बाईने हो म्हटल्यावर तिने हात वर केला. चांगला उंच केला, चष्म्यासकट. अध्यक्ष अवघडले. त्या सभासद नाहीत, असं ते हळूच ताईला म्हणाले, आणि त्यांना धरायचं नसेल तर पुन्हा मतं घेऊ, असंही.

ताईने खाली बसून आपले कागद सारखे केले.

"धरा त्यांचं मत," ती म्हणाली.