गप्प बसायचं काम

मकास्सर शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टर हस्ना बोलायला लागल्या की थांबायच्या नाहीत. आणि बाईंना काम काय मिळालं, तर ट्यूटर म्हणून गप्प बसायचं! रुग्णाची हकीकत वाचून मुलांनी आजार आपला आपण शोधायचा. ट्यूटरनं फार तर एखादा प्रश्न विचारायचा. गेल्या सत्रात हस्नांनी सगळी उत्तरं सांगून टाकली, तेव्हा विभागप्रमुखांनी बजावलं होतं, पुन्हा तोंड सुटलं तर मुलांचा गट काढून घेऊ. हस्नांचा तर त्या पोरांवर जीव जडला होता.

आजची हकीकत: पूर ओसरल्यावर घर धुणारा माणूस, ताप, पोटऱ्या ठणकतायत, डोळे पिवळे. गटातला आंदी पांगेरांग बड्या घराण्यातला, त्याला आडवं जायची कुणाची छाती नव्हती. तो म्हणाला, यकृताची सूज. बाकीच्यांनी माना डोलावल्या. अरे, पोटऱ्या विसरलात का गाढवांनो? हस्ना ओठ मिटून पेनाचं बटण टकटक दाबत राहिल्या. मग मलेरिया निघाला, डेंगी निघाला. शेवटी कुणीतरी चाचरत उंदरांपासून होणारा ताप म्हटलं आणि सगळ्यांनी तेच उचलून धरलं. हस्ना मनातून फुलल्या. त्यांनी मुलांना शाबासकी दिली.

"आम्ही कुठे शोधलं, डॉक?" कोपऱ्यातली नुरलेला नावाची मुलगी म्हणाली. "आम्ही चुकलो की तुमचं पेन वाजतं, बरोबर आलं की थांबतं. आम्ही तेच ऐकत होतो."

सगळे हसले. हस्नांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या खेपेला हस्ना मुलांच्या पाठीमागे रिकाम्या हातानं बसल्या. हकीकतीत छाती धडधडणारी, वजन घटलेली, गळ्याला सूज आलेली तरुणी होती. हृदयाचा आजार, आंदीनं सांगून टाकलं. बाकीचे माना वळवून हस्नांचा चेहरा शोधायला लागले. गळा बघा रे तिचा, गळा! हस्नांना जागेवर बसवेना.

"कुणाला पटलं नाही?" त्यांनी एवढंच विचारलं.

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग नुरलेला उठली, फळ्यापाशी गेली आणि तिनं लिहिलं, अंगात रक्त कमी. तेही साफ चूक होतं. हस्नांनी ओठ दाताखाली दाबले.

"का?" आंदीनं तिला विचारलं. सगळे नुरलेलाकडे बघत होते, हस्नांकडे कुणी वळलं नाही.