सोबतीला आलेली

"हनुवटी वर," सुतार म्हणाला आणि त्यानं बायकोच्या कोटाचं सगळ्यात वरचं बटण लावलं. सकाळी दहापर्यंत तिची बोटं उघडत नसत. सतरा वर्षं संधिवात घरी मुक्कामाला होता. घरातल्या प्रत्येक चमच्याला, चावीला सुतारानं जाड लाकडी मूठ बसवून दिली होती.

"तपासणी तुमची, आणि नटवताय मला," ती म्हणाली.

तपासणी खरंच त्याची होती. सुटलेलं पोट, दिवसाला दहा सिगारेटी, त्यात वडील आणि थोरला भाऊ दोघंही हृदयविकारानं गेलेले. तिनं महिनाभर पिच्छा पुरवला, तेव्हा कुठे तो तयार झाला. तीस वर्षं वर्गात गणित शिकवलेल्या बाईपुढे त्याची सबब टिकत नसे.

दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता आणि लिफ्ट बंद. मधल्या वळणावर ती थांबली, खिडकीबाहेर बघू लागली.

"गुडघे?" त्यानं विचारलं.

"दुसरं काय?"

मागून जिना चढत आलेल्या डॉक्टरीणबाई मात्र तिच्या गुडघ्यांकडे बघत नव्हत्या.

"जबडा का दाबताय?"

"दाढ असेल. चढले की ठणकते, बसले की थांबते. शहाणी आहे."

डॉक्टर हसल्या नाहीत.

सुतार तपासणीच्या यंत्राच्या सरकत्या पट्ट्यावर घामाघूम होईपर्यंत चालला आणि पास झाला. शर्ट खोचत तो ऐटीत बाहेर आला, तर डॉक्टर त्याच्या बायकोला म्हणत होत्या, "आता तुम्ही झोपा इथं."

"अहो, मी नुसती सोबतीला आलेय."

"असू दे. झोपा."

तासाभरानं दोघांना समोर बसवून डॉक्टरांनी समजावलं. शरीराची राखण करणारी यंत्रणाच या आजारात उलटते आणि आपल्याच सांध्यांवर धावून जाते. बोटं सुजतात, ते दिसतं. पण तो दाह रक्तात फिरतो. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होते, थर साचतात, वाहिन्या कडक आणि अरुंद होतात. यांच्या हृदयाला रक्त कमी पडतंय, असं दिसतंय.

"पण ती तर तेलाला हात लावत नाही," सुतार म्हणाला. "सिगारेट मी ओढतो!"

"सिगारेट तर सोडाच. पण याचं मूळ कारण ती नाही."

"म्हणजे सतरा वर्षं आम्ही नुसती बोटंच चोळत बसलो?"

"दुखतं तिथंच लक्ष जातं माणसाचं," डॉक्टर हळू म्हणाल्या. "वेळेवर आलात. ते महत्त्वाचं."

बाहेरच्या बाकावर त्यानं आपला चांगला रिपोर्ट घडी घालून घालून काडेपेटीएवढा केला. चोरीचा माल असावा तसा तो मुठीत धरला.

"माझं निघायला हवं होतं हे."

"उगाच नंबरात घुसू नका. शाळेतही तुम्ही शेवटच्या बाकावरचे." तिनं त्याच्या मांडीवर कोपर टेकवलं. "पहिला नंबर माझाच."

तो हसायला गेला आणि त्याला हसता येईना. तिनं हाताच्या मागच्या बाजूनं त्याचे गाल पुसले. तेवढं तिला कधीही जमत असे.

त्याच आठवड्यात तिच्या हृदयाची एक वाहिनी स्टेंट घालून मोकळी केली. संधिवाताची औषधंही बदलली, कारण आता तो दाह काबूत ठेवणं हीच हृदयाची काळजी होती. सुतारानं सिगारेट सोडली आणि पंधरा दिवस सगळ्या घराशी भांडला. तिनं ते ऐकून घेतलं. हळूहळू ती जिना न थांबता चढू लागली. पहिल्यांदा वर पोचली, तेव्हा तो खाली उभा राहून नुसता बघत होता.

मग एका सकाळी चहा पिताना त्यानं तिचं मनगट हातात घेतलं.

"सूज उतरलीय का बघतो," तो म्हणाला.

त्याचा अंगठा तिच्या नाडीवर होता आणि डोळे भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर. ओठ किंचित हलत होते. तिला शेजारणीची एक मजेदार गोष्ट सांगायची होती. ती तोंडापर्यंत आली होती.

तिनं ती गिळली. पूर्ण एक मिनिट ती गप्प बसून राहिली, त्याचं मोजणं चुकू नये म्हणून.

"उतरलीय," तो म्हणाला.

"वाटलंच मला," ती म्हणाली, आणि दुसरं मनगट पुढे केलं.