बाभळीचे ठोकळे

“माती करून ठिवलास माझ्या गाडीची! पुलावरनं खाली गेलो असतो आज, दोघंबी! मग बसला असतास बहिणीच्या नावानं बोंबलत!”

गुरुपादप्पानं जीप गॅरेजच्या दारात आडवी घातली आणि उतरता उतरताच तोंडाचा पट्टा सोडला. मुरुडच्या फाट्यावर असलं ऐकायला माणसांची कमी कधीच नसते. समोरच्या धोंडप्पाच्या हाटेलातली सगळी बाकडी तोंड फिरवून बसली. श्रावण लागला तरी आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, शेतात काम नव्हतं, लोकांना बिनपैशाचा तमाशा हवाच होता.

बसवंत मिस्त्री ट्रॅक्टरखालून बाहेर आला. हात पुसले. आधी त्याची नजर गाडीवर गेली नाही, गाडीत बसलेल्या शिवकांतावर गेली. त्याची धाकटी बहीण. पाच वर्षांनी ती त्याच्या दारात आली होती, आणि जीपच्या पुढच्या सीटवर डोक्यावरचा पदर धरून मुकाट बसली होती.

“ये की आत,” तो म्हणाला. “वैनी हाय घरात.”

“बसू दे तिथंच!” गुरुपादप्पा गरजला. “पाव्हणी म्हणून न्हाई आली ती. लातूरला चाललोय माझ्या बहिणीकडं. पंचमीची दिंडं उकडायला हिला न्यायलोय. तुझ्या कर्मानं वाटेत अडकलो.”

परवा पंचमी. नवऱ्याच्या बहिणीच्या चुलीपुढं हिनं बसायचं, आणि हिच्या माहेरच्या लिंबाला मात्र पाच वर्षं हिचा झोका नाही. पण दोष दुसऱ्याला द्यायची सोय नव्हती. बाप लिंगैक्य झाला तेव्हा गुरुपादप्पा मातीला उशिरा पोचला होता, आणि बसवंतानं चारचौघांत विचारलं होतं, “दाजी, मातीला आलाव का जेवायला?” एवढंच वाक्य. पण तेवढ्यानं शिवकांताचं माहेर तुटलं. बहिणीला बंदी झाली, तरी मिस्त्रीचा हात मात्र दाजीला हक्काचा राहिला. गाडी बिघडली की आहेच बसवंत, तेही फुकट.

गेल्या साली ही जीप त्यानंच उंच केली होती. गुरुपादप्पाच्या गावच्या ओढ्यात दगडांना पोट घासायचं, आणि मागं पाण्याचे ड्रम भरून गावाला पाणी वाटायचं होतं. नवा जिल्हा झालेला, नवे साहेब, नव्या पेपरात फोटो. गुरुपादप्पाला दानशूर व्हायची घाई. बसवंतानं पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एकेक पान वाढवलं. मागं ॲक्सल आणि पाट्याच्या मधे लोखंडी ठोकळे घालायला हवे होते, पण दाजीला दम कुठला? म्हणून बापाच्या मोडक्या बैलगाडीचा बाभळीचा आख कापून ठोकळे बसवले आणि बजावून सांगितलं, “दिवाळीला या. लोखंडाचे घालतो.” दिवाळी गेली, संक्रांत गेली. लोखंडी ठोकळे फळीवर धूळ खात पडले होते.

“स्टेअरिंग कसं करतंय, दाजी?”

“मला काय इचारतूस? जा की चालवून बघ! घेऊन जा तुझ्या बहिणीला बी. कळू दे तुला, जीव कसा वर-खाली होतो ते!” असं म्हणून तो हाटेलात जाऊन बसला आणि धोंडप्पाला चहा सांगितला.

बसवंतानं गाडी आली तशी मागं, दाजीच्या गावच्या अंगाला घेतली. पन्नास पावलं सरळ, आणि मग लागली की पळायला! डावीकडं ओढायची, सावरलं की उजवीकडं जायची. खड्ड्यातनं निघाली की सगळं अंग झटकायची. आरशात मागं पाहिलं तर फुफाट्यात चाकोरी नागमोडी उमटत होती. त्यानं गाडी वडाखाली उभी केली. टायरांत हवा बरोबर. पुढची चाकं हलवून पाहिली, टाय रॉड हिसकून पाहिले, स्टेअरिंगचा डबा पाहिला. सगळं घट्ट. स्टेअरिंग पुढं असतं म्हणून माणूस पुढंच शोधत बसतो. तो मागं जाऊन आडवा झाला आणि ठोकळ्याला हात लावला. ठोकळा बोटानं हलला. अरे देवा! ठोकळा आवळून धरणाऱ्या यू-बोल्टचे नट आट्यांच्या टोकापर्यंत आवळलेले, तरी आत फट. अख्खा मागचा ॲक्सल सैल होऊन आपल्या मनानं फिरत होता. म्हणजे गाडी पुढून नाही, मागून भरकटत होती.

पण बाभूळ अशी आटली कशी? ड्रममधलं पाणी हिंदकळून त्याच ठोकळ्यांवर पडायला हवं होतं. भिजून लाकूड फुगतं, पाचरीसारखं घट्ट बसतं. म्हणून तर लोक बैलगाडीची चाकं उन्हाळ्यात डोहात नेऊन टाकतात. हे लाकूड मात्र भाकरीसारखं वाळलं होतं.

“शिवा,” त्यानं गाडीखालूनच विचारलं, “पाणी न्यायचं कवाधरनं बंद हाय?”



“उन्हाळ्यापासनं,” ती म्हणाली. “आमच्या हिरीला पाणी हाय, अण्णा. समदं मोसंबीला सोडायलेत. गावात सांगितलं की हीर आटली. बाया घागरी घेऊन दारात येतात, अन् म्या तोंड लपवून आत बसते.” मग घाईघाईनं, “तू बोलू नको हां कुठं. मीच सांगितलं म्हणून कळंल त्येस्नी. मग मला जितं ठिवायचे न्हाईत.”

बसवंत गाडीखालून निघाला. बहिणीच्या गालाची हाडं वर आली होती. पाच वर्षांपूर्वी ही बाई बोलायला लागली की घर ऐकत बसायचं.

“लिंबाला झोका बांधलाय का वैनीनं?” तिनं विचारलं.

“बांधलाय.”

“बरं,” ती म्हणाली आणि पदर सारखा केला. “चल. त्येंचा चहा झाला आसंल.”

परत येताना बसवंताच्या डोक्यात नुसता जाळ होता. फळीवर ठोकळे तयार. तासाभराचं काम. ठोकळे बदलायचे, आणि हे वाळलेलं लाकूड धोंडप्पाच्या हाटेलात सगळ्यांपुढं टेबलावर आपटायचं. बघा रे, ह्या दानशूराचं पाणी कुठं मुरतंय ते! त्याच्या जिभेवर शब्द तयार होते. अशा वेळी त्याची जीभ कधीच चुकली नव्हती, आणि तिच्यापायीच बहीण गेली होती.

“काय मिस्त्री?” गुरुपादप्पानं हाटेलातूनच हाळी दिली. “सापडलं का काय?”

अख्खं हाटेल बघत होतं. बसवंतानं गाडीतल्या शिवकांताकडं पाहिलं. ती घरामागच्या लिंबाकडं बघत होती.

“न्हाई सापडलं, दाजी.”

“काय?”

“कळंना मला. समदी गाडी खोलावी लागंल. चार दिस लागतील. अशी नेऊ मात्र नका, घात होईल.”

गुरुपादप्पा मांडीवर थाप मारून हसला. “ऐका रे ऐका! मिस्त्रीला कळंना! बाभळीचं लाकूड घालून जिपा करतोय ह्यो! आरं, बैलगाड्या दुरुस्त करायची तुझी लायकी, तुला कुणी मोटारीला हात लावाय सांगितलं? लाज न्हाई वाटत बोर्ड लावायला?”

हाटेल हसलं. ट्रॅक्टरवाले किशनराव हसले नाहीत, पण त्यांनी आपल्या ट्रॅक्टरकडं एकदा बघून घेतलं, आणि ते बसवंताला हसण्यापेक्षा जास्त लागलं. त्यानं हातातला पाना घट्ट धरला.

“चुकलंच, दाजी,” तो म्हणाला.

एवढ्यात लातूरची यष्टी आली. गुरुपादप्पा पिशवी उचलून निघाला. शिवकांताही उतरायला लागली, तसा तो थबकला. कपाळाला आठ्या पडल्या.

“तू कुठं चाललीस? चार दिस गाडी ह्येच्या दारात खुली पडणार. ह्येचा काय भरवसा? चांगलं पार्ट काढून भंगार घालंल. तू ऱ्हा हितंच, गाडीच्या राखणीला. एक नट हिकडचा तिकडं झाला तर तुला इचारीन!”

यष्टी त्याला घेऊन गेली.

शिवकांता जीपपाशी उभीच राहिली. बसवंताची बायको उमाबाई दारात आली, तिनं तांब्यातलं पाणी नणंदेच्या पायांवर ओतलं आणि तिला मिठी मारली. घरात त्या दिवशी दोनच घागरी पाणी होतं. बसवंत गॅरेजात गेला आणि फळीवरच्या लोखंडी ठोकळ्यांवर त्यानं गोणपाट टाकलं.

पंचमीच्या दिवशी किशनराव ट्रॅक्टर तसाच ओढून घेऊन गेले. “लातूरला एक पोरगं हाय म्हणं, बघून येतो,” एवढंच म्हणाले. बसवंत चहाला गेला तर धोंडप्पानं विचारलं, “मिस्त्री, लाकडी ट्रॅक्टर कवा काढायलाव?” बाकडी पुन्हा हसली. बसवंतानं तोंड उघडलं. त्याच वेळी घरामागच्या लिंबाची फांदी करकरली आणि शिवकांताचं गाणं ऐकू आलं, बायकांच्या घोळक्यात सगळ्यांत वरच्या पट्टीत. त्यानं तोंड मिटलं आणि अर्धा चहा सांगितला.

चौथ्या दिवशी सकाळी त्यानं ठोकळे बदलले. तासभरही लागला नाही. गुरुपादप्पा दुपारी आला, गाडी फिरवून आणली, कौतुकाचा शब्द नाही.

“कुणाला इचारून केलास?” तो म्हणाला.

“इचारलं एकाला,” बसवंत म्हणाला.

उमाबाईनं शिवकांताची ओटी भरली. गुरुपादप्पानं हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. शिवकांता गाडीत बसली. बसवंत दार लावायला पुढं झाला, तशी ती वाकली आणि त्याच्या कानाशी म्हणाली, “अण्णा, इतकं नीट कशाला केलास रं?”

जीप निघाली. बसवंत रस्त्यावर येऊन उभा राहिला. फुफाट्यात दोन चाकोऱ्या उमटल्या होत्या, पार वडापर्यंत, रेघ मारल्यासारख्या सरळ. तो बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिला. मग यष्टी आली आणि त्यांच्यावरून गेली.