उपयोगाचा रकाना

उपद्रवी परक्या जातींच्या सरकारी यादीत एखादं नाव घालायचं तर सात पानी अर्ज भरावा लागतो. जीव बाहेरचा आहे हे दाखवा, त्रासदायक आहे हे दाखवा, कोणी आणला, कधी सोडला, काय उपयोग झाला, सगळं लिहा. हे सगळं मी लिहिते. आमच्या कार्यालयात बाकीचे मीटिंगा घेतात.

या खेपेला पाळी डासमाशाची होती. बोटाच्या पेराएवढा मासा. डासांच्या अळ्या खातो म्हणून परदेशातून आलेला हा मासा चाळीस वर्षांपूर्वी सरकारनेच इथल्या विहिरी-तळ्यांत सोडला. अळ्या त्याने चाखल्या, पण पोट भरलं ते बेडकांच्या पिल्लांवर आणि इथल्या माशांच्या अंड्यांवर. आता तेच सरकार त्याच्या मुळावर उठलं होतं. घोडं अडलं एका तारखेपाशी. आमच्या भागात तो नेमका कधी सोडला, याचा कागद मिळत नव्हता. साहेब म्हणाले, त्या वेळच्या कुणा माणसाचा सहीनिशी जबाब चालेल. असा माणूस आमच्या घरातच होता. बाबांनी हिवताप खात्यात बत्तीस वर्षं काढली आणि मासे त्यांनीच सोडले होते.

रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेले तर बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. सरकारी कार्यालयातून कुणीतरी विचारायला आलं याचंच त्यांना अप्रूप, मग ती घरचीच मुलगी का असेना. दुधाच्या कॅनमधून मासे कसे नेले, पाणी हिंदकळू नये म्हणून तोंडाला ओला टॉवेल कसा बांधला, सायकलवरून बहात्तर विहिरी कशा केल्या, सगळं ऐकवलं. तारीख तर न अडखळता सांगितली. ताई गेली त्याच्या पुढच्याच महिन्यातली.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. चार वर्षांची असताना तापाने गेली. तेव्हा मी जन्मालाही आले नव्हते. तिच्याबद्दल मला काही वाटत नाही, असं मी एकदा आईसमोर बोलून बसले होते, तर आईने आठवडाभर अबोला धरला होता. आता आईही नाही.

वाचल्याशिवाय सही करायची नाही ही बाबांची जुनी खोड. चष्मा लावून ते एकेक पान वाचत गेले आणि पाचव्या पानावर थांबले. तिथे उपयोगाचा रकाना होता. मी लिहिलं होतं, ‘आढळून आलेला नाही.’

“एवढं एक बदल,” ते म्हणाले. “थोडा उपयोग झाला, असं लिही. एकच ओळ.”

मी त्यांना समजावलं. जिथे मासे सोडलेच नव्हते तिथेही ताप तेवढाच कमी झाला होता. गटारं झाकली, खिडक्यांना जाळ्या बसल्या, औषधं आली. उपयोग लिहिला तर अर्ज परत येणार आणि मासा आणखी दोन वर्षं तळ्यात राहणार. समितीसमोर बोलते तसं माझं तोंड चालत होतं. बाबांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. ऐकून घेतलं, जुन्या वळणाची सही केली, खाली हुद्दाही लिहिला.

मग पेनाचं टोपण लावता लावता म्हणाले, “ताईनंतर तुझी आई दुसऱ्या मुलाला तयार नव्हती. तीन वर्षं. म्हणायची, या पाण्याजवळ मला पुन्हा मूल नको. शेवटी मी तिला तळ्यावर नेलं. ओंजळीत मासे धरून दाखवले. म्हटलं, आता ताप येणार नाही. तिचा विश्वास बसला.”

“मग?” मी विचारलं, जणू मला कळलंच नव्हतं.

“मग काय. पुढच्या वर्षी तू झालीस.”

खरं सांगायचं तर मला काहीच वाटलं नाही. मी पानं क्रमाने लावली, टाचणी टोचली. बाबांनी चहा घेणार का विचारलं, मी हो म्हटलं. आम्ही चहा प्यालो.

सोमवारी अर्ज पुढे गेला. साहेबांना तारीख मिळाल्याचा आनंद झाला. पाचव्या पानावरचं ‘आढळून आलेला नाही’ मी खोडलेलं नाही.