झोत कुलगुरूंवर

विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात कधी आलात तर मान जरा वर करा. छताखालच्या लोखंडी दांड्याला लटकलेला झोतदिवा तो मीच. मला बोलायची सवय नाही, दाखवायची आहे. पण एक गोष्ट आत सलत राहिली आहे, तेवढी ऐका.

कारखान्यातून निघालो तो थेट एका नाटकमंडळीकडे. मंडळी बंद पडली आणि मी इथे आलो. इथे भाषणं. माझ्या उजेडात पाऊल पडलं की माणसं आधी केस सारखे करतात, मग ‘फार वेळ घेणार नाही’ म्हणतात आणि चांगला तासभर घेतात. मला फिरवतात नाना. हात हलका, पण स्वभाव सांगितलं तेवढंच करायचा.

मागच्या वर्षी इथे सर्वसमावेशक सप्ताह झाला. मंचावर भलामोठा फलक होता, ‘इथे प्रत्येकाला जागा आहे’. पहिल्या रांगेत ऐकू न येणारी काही मुलं बसली होती. त्यांना खुणांच्या भाषेतून सगळं सांगायला एक ताई बोलावल्या होत्या. पण फोटोत मध्येमध्ये येतात म्हणून त्यांना पडद्यालगत कोपऱ्यात उभं केलं.

“इथे अंधार आहे हो. माझे हात दिसायला हवेत ना मुलांना!” ताई म्हणाल्या.

सूत्रसंचालक सर घाईत होते. “बघतो, बघतो,” म्हणाले आणि नानांकडे वळले. “झोत कुलगुरूंवर.”

मी कुलगुरूंवर पडलो. ताईंचे हात काळोखात हलत राहिले.

मग वास्तुरचनेत पहिल्या आलेल्या मुलीचा सत्कार होता. ती त्याच रांगेत आईशेजारी बसली होती. सर रंगात आले होते. “वर्गात एक शब्द न बोलणारी विद्यार्थिनी! प्राध्यापकांची लाडकी असणारच!”

सभागृह खदखदून हसलं. आईही हसली. आईकडे पाहून मुलगी हसली, अगदी मनापासून.

आईनं कोपरानं ढोसलं तेव्हा ती उठली, मंचावर आली, माझ्या झोतात चषक घेतला. ताई तिच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या आणि तिचे हात बोलतील ते मोठ्यानं सांगू लागल्या.

“आभारी आहे. एक विचारू? मघाशी सगळे हसले, मीही हसले. विनोद काय होता?”

सरांनी घसा खाकरला. “सांगा तिला, विशेष काही नव्हतं म्हणून.”

“सर, तिनं विचारलंय. मी खरं तेच सांगणार,” ताई म्हणाल्या. आणि ऐन झोतात, सावकाश, त्यांनी तो विनोद हातांनी सांगितला.

मुलीच्या चेहऱ्यावरचं हसू मावळताना माझ्याइतकं स्वच्छ कुणीच पाहिलं नसेल. मीच तर ते उजळून दाखवत होतो. तिची नजर आईला शोधू लागली. आईनं तोंडावर हात घेतला होता. मुलीचे हात हलले आणि ताईंनी ते मोठ्यानं सांगितलं. “आई, तू हसलीस ना, म्हणून मला वाटलं माझं कौतुक चाललंय.”

तिनं चषक टेबलावर ठेवला आणि खाली उतरली. बाकीची मुलं तिच्यामागे उठली. आई धडपडत धावली. नानांना कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी पायऱ्या दिसाव्यात म्हणून ते मला दारापर्यंत तिच्यामागून नेत राहिले. मागे सर काळोखात आभार मानत होते.

यंदाच्या सप्ताहाला सर सगळ्यांच्या आधी आले. “नाना, पहिल्यांदा ताईंच्या हातांवर झोत लावा. बाकीचं मग.” आता ताईंचं बोट न् बोट लख्ख दिसतं. पहिली रांग मात्र रिकामी. ती मुलं आलीच नाहीत. ताई तरीही एकेक वाक्य हातांनी सांगतात, रिकाम्या खुर्च्यांना. सर तिकडे बघायचं टाळतात. मला ती सोय नाही. मिटायला पापण्या नाहीत मला.

ती मुलगी तुम्हाला कुठे भेटलीच, तर तिला सांगा की आम्हाला फार लाज वाटते. पण तोंडानं नको, तिच्या भाषेत सांगा. येत नसेल तर आधी शिका, मग तिच्यासमोर जा.