रविवारी धुतलेली पेनं

आमच्या घरात दोन पक्ष आहेत. एक डॉक्टरांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, आणि दुसरा माझा. त्यांच्याकडे मोजकीच पण महागडी शाईची पेनं आहेत. ती मखमलीचे खण असलेल्या पेटीत झोपतात. माझ्याकडे भारंभार स्वस्त पेनं आहेत आणि ती स्वयंपाकघरात, कान तुटलेल्या कपात, चमच्यांच्या शेजारी उभी असतात.

माझं बियाण्यांचं दुकान आहे. गाजर, मुळा, टोमॅटो, झिनिया अशी नावं मी खाकी पुड्यांवर हातानं लिहिते. पेन एप्रनच्या खिशात असतं, मातीत पडतं, कधी गिऱ्हाईक सही करून तसंच घेऊन जातं. गेलं तर गेलं, दुसरं आणते. मला त्यांचे रंगही आवडतात. एक हिरवं पारदर्शक आहे, त्यात शाई डचमळताना दिसते. डॉक्टर त्यांना खेळणी म्हणतात, आणि मी बघत नाहीसं वाटलं की तेच हिरवं पेन उचलून उजेडात धरून हलवत बसतात.

रविवारी सकाळी आम्ही पेनं धुतो. दोघांची एकदमच, एकाच पसरट भांड्यात, कोमट पाण्यात. शहाणी माणसं नुसतं पाणी आतबाहेर करतात आणि सोडून देतात. पण डॉक्टर पडले दातांचे डॉक्टर. निब आणि तिच्याखालची, शाई पुढे आणणारी जीभ उपटून काढल्याशिवाय त्यांना चैनच पडत नाही. आत काहीतरी अडकलंय, मुळापासून साफ करायला हवं, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलंय. मग निबा काढून, ब्रशनं घासून, फडक्यावर ओळीनं वाळत घालायच्या. पाणी उडतं म्हणून दोघंही चष्मे काढून ठेवतो. आता चष्म्याशिवाय आम्हाला एकमेकांची तोंडंसुद्धा धड दिसत नाहीत, पण निबा मात्र अंदाजानं बसवतो.

मागच्या वर्षी त्यांनी दवाखाना सोडला. उजव्या हाताला कंप सुरू झाला होता. अगदी बारीक, चहाच्या कपात दिसेल न दिसेल इतकाच. पण ज्याच्या हातात दुसऱ्याचा जबडा असतो त्याला तेवढाही चालत नाही. त्यांनी स्वतःच ठरवलं आणि दवाखाना त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीकडे सोपवला. तिला मी डॉक्टरीणबाई म्हणते. ती मला काकू म्हणते आणि माझ्याकडची झिनिया लावून मारून टाकते.

मध्यंतरी तीच एक विचारणा घेऊन आली. कॉलेजात नव्या मुलांना शिकवायला सर हवे आहेत, आठवड्यातून दोनदा. दात कापायचा नाही, इंजेक्शन द्यायचं नाही. हत्यार दाताला टेकलं की आत काय आहे ते बोटांना कसं कळतं, एवढंच शिकवायचं. "ते तुमच्याइतकं कोणाला येत नाही, सर," ती म्हणाली. डॉक्टरांनी विचार करून सांगतो म्हटलं आणि त्या रात्री नीट जेवले नाहीत.

"हात थरथरतो त्याचं काही नाही गं," ते मला म्हणाले. "पण बोटांना कळतंय का अजून? तेच गेलं असलं तर मुलांना काय कपाळ शिकवणार?"

मी म्हटलं, कळतंय की. पण माझ्या म्हणण्याला काय किंमत! मी बियाणंवाली.

त्यानंतरच्याच रविवारी पेनं धुतली, भरली, आणि डॉक्टर लिहायला बसले ते खूश होऊनच उठले. त्यांच्या सगळ्यात महागड्या, काळ्या, जाडजूड पेनाची निब सोन्याची आहे. "इतक्या वर्षांनी आज हाताला बसली बघ," ते म्हणाले. "किंमत मोजली ती उगाच नाही." रोज संध्याकाळी पानभर लिहायला लागले. काही नाही, आठवतील त्या रोग्यांच्या गमती. अक्षरही पुष्कळ सुधारलं.

मी थोडीच गप्प बसते? योगायोगानं त्याच सुमारास माझं निळं प्लॅस्टिकचं पेन असं काही चालायला लागलं की विचारू नका. खाकी पुडीवरसुद्धा लोण्यासारखं. मी रोज जेवताना शेखी मिरवली. "बघा, याला म्हणतात पेन. चार माणसांच्या चहाच्या पैशात आलंय." ते त्यांच्या पेनाचे गोडवे गात, मी माझ्या. फार सुखाचे दिवस होते.

मग एक दिवस दुकानात ते निळं पेन गल्ल्यावरून सुटलं आणि मेथीच्या पोत्यात टोकावर पडलं. वाकलंबिकलं नाही ना बघायला मी भिंग घेतलं. बियांतली कीड बघायला ते हाताशीच असतं. निब शाबूत होती. आणि तिच्यावर, शाईच्या डागाखाली, अस्सल सोन्याचा शिक्का होता.

मी कपाळाला हात लावला. माझ्या निबेलाही पिवळा मुलामा आहे, आकारही तोच. फडक्यावर अदलाबदल झाली होती. इतके दिवस मी डॉक्टरांच्या सोन्यानं मुळ्याच्या पुड्या रंगवत होते आणि डॉक्टर माझ्या पत्र्याचं तोंड भरून कौतुक करत होते.

आधी मला इतकं हसू आलं की गिऱ्हाईक बघायला लागलं. मग मी भिंग खाली ठेवलं. हा माणूस बोटांना कळतंय का म्हणून रात्र रात्र कूस बदलतोय. त्याला जर समजलं की सोनं आणि लोखंड यांतला फरक त्याच्या बोटांना कळला नाही, तर संपलंच. कॉलेजला नाही म्हणून सांगेल आणि कायमचा खुर्चीत बसेल. डॉक्टरीणबाई तर येत्या रविवारीच उत्तर घ्यायला येणार होती.

एरवी माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, पण या खेपेला मूग गिळून बसले. ठरवलं, रविवारी धुताना गुपचूप ज्याची निब त्याच्या पेनात बसवायची. कोणाला काही कळायला नको.

तसं केलं. नाकावर चष्मा चढवून. "आज चष्मा?" त्यांनी विचारलं. "पाणी डोळ्यात जातं," मी म्हटलं. थाप बरी जमली नाही, पण ते शाई भरण्यात गुंतले होते.

डॉक्टरीणबाई आली. मी चहा केला. डॉक्टर म्हणाले, "आलोच, एवढं वाक्य पुरं करतो," आणि टेबलाशी बसले. मी कप हातात धरून दारातच उभी राहिले.

त्यांनी अर्धी ओळ लिहिली आणि थांबले. पेन उचलून निबेकडे बघितलं. पुन्हा दोन शब्द. मग पेन खाली ठेवलं.

"हे ते नव्हे," ते म्हणाले.

"म्हणजे काय? तुमचंच तर पेन आहे," मी म्हटलं.

"पेन माझं आहे. निब ती नाही. ही दाबली की फाकते. हात जरा हलला की रेघ जाड, हलला की जाड. माझा कंप सगळा कागदावर सांडते ही. मधे होती ती ताठ होती. माझं ऐकून घ्यायची आणि सरळ जायची." ते माझ्याकडे वळले. "अगं, काय केलंस तू?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगून टाकलं, मेथीच्या पोत्यासकट. डॉक्टरीणबाई बिस्किट हातात धरून ऐकत राहिली. सांगता सांगता मला रडू यायला लागलं, आणि कशाचं ते माझं मलाच कळेना.

"तुम्हाला फरक कळला नाही असं वाटलं मला," मी म्हटलं. "म्हणून बोलले नाही."

"कळला नाही कसा? पहिल्याच दिवशी नव्हतो का म्हणालो, आज निब हाताला बसली म्हणून? बोटांना बरोबर कळलं होतं. डोक्यानं घोळ घातला. डोकं म्हणालं, महाग आहे म्हणून चांगलं चालतंय."

ते उठले, स्वयंपाकघरात गेले आणि कपातली मूठभर पेनं आणून त्यांनी टेबलावर ओतली. त्यांत स्वतःचं काळं पेनही सरकवलं. डोळे मिटले. मला म्हणाले, "दे एकेक."

मी देत गेले. ते दोन रेघा ओढत आणि सांगत. हे गुळगुळीत पण कोरडं. हिच्या टोकाला डाव्या बाजूनं बारीक खरड आहे. ही सोन्याची, हिला लाड हवेत. सगळं बरोबर. हात तसाच थरथरत होता आणि बोटं एकदाही चुकली नाहीत. निळं हातात आल्यावर एकच रेघ ओढली आणि हसले. "हीच ती. ही माझ्या पेनात घाल. सोनं तू घे, तुझा हात ठाम आहे, तुला शोभेल. आणि दुकानात मिरव खुशाल."

"मेथीच्या पोत्यात पडेल," मी म्हटलं.

"पडू दे की."

त्यांनी अजून डोळे उघडले नव्हते. डॉक्टरीणबाईनं चहा संपवून कप ठेवला आणि हळूच विचारलं, "मग सर, काय कळवू कॉलेजला?"

"कळव, येतो म्हणून," डॉक्टर म्हणाले. "पहिल्या तासाला हत्यारं नकोत. आधी मुलांना डोळे मिटायला शिकवतो."