अक्षता पडल्या का?

"जयवंता, पंगत बसली म्हणून लगीच वाढायला घ्यायचं न्हाय. आदी दारात जायचं, दोनी बाजूला बघायचं. कोण राहिलं आसंल तर हाताला धरून आणायचं. मग पयलं पान वाढायचं."

सासूबाईंनी, द्वारकाबाईंनी, हे सांगितलं तेव्हा जयवंता नवी नवरी होती. सासूबाईंना जाऊन आता अकरा वर्षं झाली, पण काटेवाडीच्या त्या घरात तिनं हा नेम एक दिवसही मोडला नव्हता. तुळशीला पाणी घालून, देवाला नैवेद्य दाखवून झाला की ती उंबऱ्यावर जायची, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर टाकायची आणि मगच घास घ्यायची. बहुतेक दिवशी रस्त्यावर कुणी नसायचं. पण नेम तो नेम!

अशा बाईच्या हातून ती गोष्ट घडली, म्हणून तर सांगायची.

तिची एकुलती एक लेक निकिता पुण्यात नोकरीला होती. तिचं लग्न इंदापूरच्या यशराजशी ठरलं. निकितानं सांगून टाकलं, "लग्न लहान करायचं. दोन्हीकडची मिळून पंचाहत्तर माणसं. उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठाला एक छान जागा आहे, तिथं."

जयवंताचा नवरा नागेश आधी जरा कुरकुरला. "पंचाहत्तर? आगं, आपल्या बारशाला दोनशे माणूस आस्तं!" पण नंतर त्यालाही पटलं. डीजे नाही, पत्रावळ्यांचे ढीग नाहीत, अन्नाची नासाडी नाही. चांगलाच होता तो विचार.

जेवणाचा बेत तर जयवंताला फारच आवडला. बाहेरून काही आणायचं नाही. नव्या बाजरीची भाकरी, काटेवाडीची भरली वांगी, पणदऱ्याच्या गुळातली खपली गव्हाची खीर, इंदापूरचे पेरू आणि डाळिंबं. प्रत्येक पदार्थापाशी एक छोटं कार्ड ठेवायचं आणि तो कुणाच्या रानातला, कुणाच्या हातचा, ते त्यावर लिहायचं.

"आणि सुरुवातीला माडगं!" निकिता म्हणाली. "म्हाळसाआत्याच्या हुलग्यांचं. पाहुणे आले की मातीच्या बोळक्यातून गरम गरम द्यायचं. पुण्यात कुणी चाखलंसुद्धा नसेल!"

म्हाळसाआत्या म्हणजे नागेशची थोरली बहीण. पिंपळीला दिली होती. नवरा लवकर गेला, पोटी मूलबाळ नाही. निकिताच्या बारशाला तिच्या कानात नाव सांगितलं ते ह्याच आत्यानं. पुढं जयवंता काविळीनं तीन महिने अंथरुणाला खिळली, तेव्हा तान्ही निकिता वाढली ती ह्याच आत्याच्या कडेवर. घराण्यात पूर्वी मेंढरं होती. नागेशचे आजोबा, म्हस्कूबाबा, कळप घेऊन कोकणात उतरायचे, तेव्हा घोंगडीच्या टोकाला हुलग्याचं, म्हणजे कुळथाचं, पीठ बांधलेलं असायचं. जिथं मुक्काम, तिथं त्या पिठाची गूळ घातलेली पातळ पेज, माडगं. मेंढरं गेली, रानात पाणी आलं, चहूकडं ऊस झाला. तरी म्हाळसाआत्या उसाच्या कडेला दोन गुंठे हुलगा पेरायचीच.

पाहुण्यांची यादी हातात आली तेव्हा जयवंतानं ती दोनदा वाचली.

"निकिता, वन्संचं नाव राहिलं गं."

"राहिलं नाही, आई." निकितानं मान वर केली नाही. "एका आत्याला बोलावलं की बाकीच्या पाच चुलत आत्या रुसणार. आणि आत्याला तिथं करमणार तरी आहे का? ती मोठमोठ्यानं बोलते, खाली मांडी घालून बसते... नंतर आपण घरी गावजेवण घालू ना!"

जयवंतानं नवऱ्याकडं पाहिलं. नागेश म्हणाला, "आक्का घरचीच हाय. घरच्या माणसानं रुसायचं आस्तं व्हय? माघारी आलो की लुगडं-चोळी करू."

जयवंता गप्प बसली. तिनं उभ्या जन्मात कुणाला उलटून उत्तर दिलं नव्हतं. लोक त्याला सोशिकपणा म्हणत. त्या दिवशी त्याला दुसरंच काही नाव द्यायला हवं होतं.

हुलगे आणायला ती पिंपळीला गेली, तेव्हा म्हाळसाआत्या ओट्यावर सूप घेऊन बसली होती. एकेक दाणा बोटानं सरकवत होती.

"किती निवडताय वन्सं? केलंय की स्वच्छ."

"शेरातली मानसं हायती. दाताखाली खडा आला तर माज्या भावाचं नाव जाईल." तिनं डोळे बारीक केले. "आन त्या आचाऱ्याला सांग, पीठ आदी चांगलं भाजून घे म्हनावं. गूळ शेवटी घालायचा. आदी घातलास तर माडगं न्हाय हुयाचं, खळ हुईल. मग बस म्हनावं पत्रिका चिटकवत!"

जयवंताला हसू आलं. आत्यानं आत जाऊन ट्रंकेतलं हिरवं इरकल लुगडं आणलं आणि मांडीवर पसरलं. अजून एकदाही नेसलं नव्हतं.

"बारामतीला जाऊन घेतलं. दुकानदार म्हनला, आजी, लगीन तुमचं हाय का काय? म्हनलं, व्हय, माजंच हाय!" आणि मग सहज विचारावं तसं तिनं विचारलं, "मला कुटल्या गाडीत बसवनार? पुडं बसवा बाई. मागं बसलं की मला मळमळतंय."

खरं सांगायची हीच वेळ होती. सांगितलं असतं तर आत्या रागावली असती, भांडली असती, रडली असती आणि कदाचित तिनं हसून सोडूनही दिलं असतं. पण ते हिरवं लुगडं समोर होतं.

"मी स्वतः येते तुम्हाला न्यायला, वन्सं," ती म्हणाली.

"ये मग. आन ऐक, त्या दिशी आक्षता पडंस्तवर मी पान्याशिवाय काय घ्यायची न्हाय. माज्या मांडीवरची पोर हाय ती."

घरी जाऊन नवऱ्याला पुन्हा सांगू, लेकीची समजूत घालू, असं ठरवूनच जयवंता निघाली होती. पण घरी हळद कुटायची होती, बांगड्या भरणारी आली होती, पाहुण्यांचे फोन वाजत होते. उद्या बोलू, उद्या बोलू, असं म्हणता म्हणता आदल्या दिवशीची दुपार झाली आणि गाड्या इंदापूरच्या रस्त्याला लागल्या. पिंपळी उलट्या दिशेला, गाडीनं दहा मिनिटांच्या आत. जयवंतानं मागं वळून पाहिलं आणि पुन्हा पुढं बघितलं.

लग्न देखणं झालं. काठावर मांडव, मागं पसरलेलं पाणी, त्यात लांबवर उभे असलेले रोहित पक्षी. अकरा चाळीसच्या मुहूर्ताला अक्षता पडल्या. माडग्याचं तर सगळीकडं नाव झालं. पुण्याच्या मैत्रिणी बोळकी पुन्हा पुन्हा भरून घेत होत्या आणि कार्डाचे फोटो काढत होत्या. कार्डावर सुबक अक्षरात लिहिलं होतं, "हुलग्याचं माडगं. आमच्या म्हाळसाआत्याच्या रानातलं, तिनं शिकवलेलं. पिंपळी."

दीडच्या सुमाराला पानं मांडली. जयवंता सवयीनं उठली आणि फाटकापाशी गेली. तिथला माणूस यादी हातात धरून उभा होता.

"काकू, कुणाची वाट बघताय का? सगळी आलीत. यादी पुरी झाली."

जयवंतानं डावीकडं पाहिलं. उजवीकडं पाहिलं. रस्ता मोकळा होता. आज पहिल्यांदाच तिला ठाऊक होतं, कोण राहिलंय ते. आणि कुणी ठेवलंय तेही.

ती परत आली तेव्हा यशराजचे आजोबा, आप्पासाहेब, पानावर बसले होते. पण त्यांनी हात लावला नव्हता. हातात ते कार्ड होतं.

"विहीणबाई, ह्या म्हाळसाआत्या कुठं बसल्यात? माझी आई असलं माडगं करायची. पंचावन्न वर्षांनी आज ती चव जिभेवर आली. म्हटलं, आधी त्यांच्या पाया पडावं, मग जेवावं."

नागेश पुढं झाला. "तिची जरा तब्येत..."

"नाही!" जयवंता म्हणाली.

सगळे तिच्याकडं बघायला लागले. तिचा आवाज एवढा मोठा कुणी ऐकलाच नव्हता.

"त्यांची तब्येत ठणठणीत आहे. आम्ही त्यांना बोलावलंच नाही."

आप्पासाहेबांनी कार्ड हळूच पानाशेजारी ठेवलं.

"मी काही तुमचा न्याय करायला बसलो नाही, बाई. आमचीही नावं कापलीच. लग्न लहान करावं, चांगलंच आहे ते. पण नागेशराव, कापताना आपला हात कुणावर चालतो, बघा. जो रुसेल, ज्याचं काम पडेल, त्याचं नाव आपण ठेवतो. जो रुसणार नाही, त्याचं कापतो. माया केली, ही त्या माणसाची चूक झाली का? त्यांचा हुलगा चालला, त्यांच्या हाताची चव चालली, नावसुद्धा चाललं. मग माणूस तेवढं का चाललं नाही?"

निकिता मागं येऊन उभी राहिली होती. कपाळाला मुंडावळ्या तशाच होत्या.

तेवढ्यात जयवंताचा फोन वाजला. पिंपळीची भामाबाई, आत्याची शेजारीण.

"जयवंतावैनी, आवो काय हे! म्हातारी सकाळी सातपासनं लुगडं नेसून वट्यावर बसलीया. चा न्हाय, तुकडा न्हाय. म्हनती गाडी यील. मुठीत आक्षता धरल्यात, तळहात समदा कुकवानं लाल झालाय. मीच म्हनलं, फोन तर लावू... घ्या, बोला."

थोडी खरखर झाली. मग आत्याचा आवाज आला, नेहमीसारखा मोठा. शेजारी उभ्या असलेल्या निकितालाही तो ऐकू गेला.

"जयवंते, आक्षता पडल्या का गं?"

"पडल्या, वन्सं."



"पडल्या व्हय. बरं झालं, बाई. बरं झालं. मी हितनंच टाकते मग." आणि जयवंता काही बोलायच्या आतच ती पुढं म्हणाली, "गाडी बंद पडली आसंल न्हवं वाटंत? मी भामीला तवाच म्हनलं. लग्नाच्या गडबडीत हुतंय आसं. तू जिवाला लावून घिऊ नगंस. आन माडगं? गूळ शेवटी घातला न्हवं त्येनं?"

"शेवटी घातला, वन्सं."

"मग झालं. घेते मी आता घास. तुमी जेवून घ्या."

फोन बंद झाला. अरेरे! खोटं बोलली होती जयवंता आणि त्या खोट्याला कारणही आत्यानंच शोधून दिलं होतं. स्वतःच्या हातानं निवडून, खडा काढून.

निकिता तिथंच खाली बसली. "माझं चुकलं, आई. यादी मी केली."

"यादी तू केलीस. शब्द मी दिला होता."

माझ्या आयाबहिणींनो, बांधवांनो, लग्नं लहान करा. जरूर करा. आपल्या मातीतलं जेवण वाढा, परक्याला त्याची चव कळू द्या. पण ज्यांच्या रानातलं आपल्या ताटात येतं, त्यांचं पान आधी मांडा आणि उरलेल्या जागेत बाकीची यादी बसवा. आपल्या आईबापांनी परसात मांडी घालून हेच जेवण जेवलं. तेच आपण काठावर मांडव घालून मिरवतो आणि मांडी घालून बसणाऱ्या माणसाची मात्र लाज वाटून घेतो, ही कुठली रीत? आणि एखाद्याला खरंच बोलावता येत नसेल, तर तोंडावर तसं सांगा. तो रागावेल, चार दिवस बोलणार नाही. पण लुगडं नेसून ओट्यावर तरी बसणार नाही.

जयवंतानं भांड्याच्या तळाशी राहिलेलं माडगं डब्यात भरून घेतलं. एका पानावर सगळं थोडं थोडं वाढून वर दुसरं पान झाकलं. नागेश म्हणाला, "मी येतो." ती म्हणाली, "तुम्ही पाहुण्यांना वाढा. मी माघारी आल्याशिवाय जेवणार नाही." तो मान खाली घालून उभा राहिला. आप्पासाहेब बसले होते तसेच बसून राहिले. त्यांचं पान तसंच होतं.

गाडीपाशी निकिता धावत आली. मांडवात सांडलेल्या अक्षता तिनं ओंजळीत वेचून आणल्या होत्या. आईच्या पदराला गाठ मारून तिनं त्या बांधल्या.

"आई, आत्याला सांग, उद्या देवाला जायच्या आधी आम्ही दोघं तिच्याकडं येतो."

जयवंतानं तिच्या गालावरून हात फिरवला.

"नाही सांगणार, बाळ. आता कुणाचाच शब्द मी देणार नाही. यायचं असेल तर या."

ड्रायव्हरनं पुढचं दार उघडलं. जयवंतानं ते अलगद लावलं आणि ती मागं जाऊन बसली. डबा मांडीवर घेतला.

"पुढची जागा मोकळी राहू दे," ती हळू आवाजात म्हणाली. "त्यांना मागं बसलं की मळमळतं."

गाडी फाटकातून बाहेर पडली आणि पिंपळीच्या रस्त्याला लागली.